ऑपरेशन पोटाचं, टेन्शन नळीचं

वजनाचं ऑपरेशन करणार म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती, इन्शुरन्सवाले देतात का, पोट कापून टाकतात म्हणे ते खरं का, मग आयुष्यभर दोनच घास खायचे का, केस गळतात का, आणि विचारणारी बाई असेल तर आवाज खाली आणून, कातडी लोंबते का गं नंतर. आमच्या चुलत सासूबाईंना तर 2017 साली मुंबईत उपचाराला आणलेली ती इजिप्तची इमान अहमद आठवली, टीव्हीवर तिला क्रेनने उचलताना बघितलं होतं त्यांनी, आणि "तुलापण तसंच नेणार काय" असं भर पंगतीत विचारून मोकळ्या झाल्या. त्यांच्या मनात काही नसतं, त्या तशाच आहेत. पण मला ज्या गोष्टीने झोप लागत नव्हती तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीपण कुणाकडे बोलले नाही. लघवीची नळी. कॅथेटर.

आता कुणी म्हणेल, जठराचा पाऊण भाग कापून काढणार आहेत, पोटावर पाच भोकं पाडणार आहेत, भूल देणार आहेत, आणि हिला पडलंय नळीचं! पण खरंच तसंच होतं. पोटाचं ऑपरेशन डॉक्टरांचं काम होतं, ते करतील की, त्यात मला काय करायचं होतं. नळीचं मात्र माझ्या अंगाशी, माझ्या लाजेशी येत होतं.

त्याला कारण आमच्या घरातच होतं. सासऱ्यांना शेवटची दोन-तीन वर्षं नळी होती. आधी प्रोस्टेटचा त्रास, मग अर्धांगवायू, मग ती कॉटच्या पट्टीला लटकवलेली पिशवी. भेटायला येणारा माणूस आधी पिशवीकडे बघायचा, मग सासऱ्यांकडे, आणि मग म्हणायचा "तब्येत बरीय की आता." नळी बदलायला दवाखान्यातला कंपाउंडर घरी यायचा, त्या दिवशी सासरे सकाळपासून कुणाशी बोलायचे नाहीत. पाहुणे आले की ते चांगल्या हाताने पंचा ओढून पिशवीवर टाकायचे, पंचा घसरायचा, परत टाकायचे. आमच्याकडे गावात "त्यांना नळी लावलीय" असं कुणी सांगितलं की ऐकणारा पुढचं काही विचारतच नाही, कधी जाऊन भेटून यायचं एवढंच ठरवतो. माझ्या डोक्यात नळी म्हणजे ती, शेवटची, कायमची. एक रात्र लावून सकाळी काढतात अशी पण नळी असते हे माहीत असून मनाला पटत नव्हतं.

आणि दुसरं कारण माझं स्वतःचं. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 112 किलो, बीएमआय 45, शुगर आहे, बीपी आहे, रात्री घोरण्याचं मशीन आहे. हे सगळं फाइलवर लिहिलेलं होतं, त्याची लाज वाटायचं बंद झालेलं. जे फाइलवर नव्हतं ते म्हणजे जांघेत कायम असलेली चिघळ, पोटाच्या घडीखालचा ओलसर पट्टा, पावडर टाकून टाकून काळी पडलेली कातडी. नवऱ्याला पण उजेडात दाखवलेलं नाही असं सगळं चार अनोळखी माणसं मोठ्या लाइटखाली बघणार. जाड माणसाला आपल्या शरीराचा कुठला भाग कुठल्या कोनातून लपवायचा याची एवढी सवय असते की भूल देऊन आडवं पडणं म्हणजे आपणच दाराची कडी काढून ठेवणं वाटतं.

ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. आधीच्या तपासण्यांत आहारतज्ज्ञ झाल्या, फिजिशियन झाले, मानसोपचारवाले झाले, श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचं ते यंत्र हातात देऊन फिजिओवाली पण सांगून गेली. लिव्हर जरा आकसावं म्हणून दोन आठवडे नुसतं पातळ खायचं, प्रोटीन पावडर कुठली, विटामिनच्या गोळ्या किती वर्षं, सगळ्याचे छापील कागद मिळाले. नळीबद्दल कन्सेंट फॉर्मवर इंग्रजीत अर्धी ओळ होती, गरज पडल्यास कॅथेटर घालण्यास माझी संमती आहे अशा अर्थाची. सही घ्यायला आलेली ज्युनियर मॅडम अगदी लहान होती, माझ्या पुतणीच्या वयाची. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे कधी, कोण, आणि किती वेळ?

तिने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. हे मला फार आवडलं, कारण बाकी सगळे उभ्या उभ्या बोलत होते.

तिने सांगितलं ते असं, की सगळ्यांना घालतच नाहीत आता. पूर्वी मोठं ऑपरेशन म्हटलं की नळी ठरलेलीच असायची, आता स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे माझं होणार होतं ते, तास-दीड तासात होतं आणि दुर्बिणीची भोकं पोटाच्या वरच्या भागात असतात, ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय, तिथून लांब खाली, त्यामुळे बऱ्याच पेशंटना ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जायच्या आधी बाथरूमला जाऊन या एवढंच सांगतात आणि विनानळीचं काम भागतं. वजनाचंच पण पोटाचं बायपास असेल, आधी एकदा झालेलं ऑपरेशन परत करायचं असेल, वेळ लांबणार असेल, किडनी नाजूक असेल किंवा तासातासाला लघवी किती होते हे मोजायची गरज असेल तर घालतात. "तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बॉर्डरवर आहे मॅडम, शुगरमुळे, म्हणून सर तुम्हाला बहुतेक घालतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काढू." म्हणजे कारण होतं, सरसकट नव्हतं. एवढ्या एका गोष्टीने माझं अर्धं डोकं शांत झालं. आपल्याकडे पेशंटने 'हे लागणारच आहे का' विचारलं की काही डॉक्टरांना तो आगाऊपणा वाटतो, पण नळीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नळी जेवढा वेळ आत तेवढा जंतू चढायचा धोका जास्त. दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के लोकांच्या लघवीत जंतू सापडायला लागतात असं डॉक्टरांच्या पुस्तकांत धरतात, आणि अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या 2009च्या नियमावलीत ऑपरेशनसाठी घातलेली नळी शक्यतो 24 तासांच्या आत काढा असं सरळ लिहिलंय. बायकांचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, पुरुषांचा 18-20, त्यामुळे जंतूंना आमच्याकडे यायला रस्ता जवळचा.

मोजण्याच्या बाबतीत एक गंमत नंतर कळली. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, दाब साधारण 15 मिलीमीटर पाऱ्याच्या आसपास. तो दाब किडनीवर पण पडतो आणि ऑपरेशन चालू असताना लघवी तयार व्हायचीच कमी होते, गॅस सोडला की परत सुरू. सलाइन जास्त सोडलं तरी त्या वेळात लघवी वाढत नाही असं वजनाच्या ऑपरेशनवरच्याच अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे टेबलावर असताना पिशवीत थोडीच लघवी आली तर ती लगेच किडनी बसल्याची खूण नसते, खरं मोजमाप नंतरच्या तासांचं.

तरी 'कोण' हा प्रश्न राहिलाच होता. मॅडम म्हणाली भूल दिल्यावर घालतात, तुम्हाला कळणार पण नाही, आणि बाई सिस्टरच असतात. पण कळणार नाही हेच तर मला नको होतं ना! मग मी माझ्या मामेबहिणीला फोन केला. ती मिरजेला ओटी सिस्टर आहे, तोंडाने फटकळ आणि हाताने हुशार. मी आडवळणाने सुरुवात केली, तिने दुसऱ्याच वाक्याला पकडलं.

"ताई, तुला काय वाटतं आम्ही बघत बसतो? अगं आमचं लक्ष हात स्टेराइल राहतो का नाही यात असतं. एक जण मांडी धरतो, एक जण पोट वर उचलून धरतो, तिसरी घालते. जाड पेशंट असला की तीन माणसं लागतात, त्यात लाजायचं काय."

"आणि खाली रॅश आहे गं."

"सगळ्यांना असतो. आधी सांग त्यांना, लपवू नको, क्रीम देतील, ऑपरेशनपर्यंत सुकू दे. सगळ्यात जास्त त्रास कुठला सांगू? पुरुष पेशंट. जाड पुरुषांचं सगळं चरबीत आत गेलेलं असतं, दोन हातांनी चरबी दाबून धरावी लागते तेव्हा कुठं सापडतं. त्यांच्यातल्या एकाला तरी तुझ्यासारखा फोन करताना बघितलंय का?"

मी हसले, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळी हसले. मग तिने सगळंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं ते पण. नळी नंबरवर असते, बायकांना 14 किंवा 16, बाहेरच्या टोकाशी रंग असतो, 14 हिरवी, 16 केशरी. नंबर म्हणजे जाडी, तीनने भागलं की मिलीमीटर, म्हणजे 16 नंबर साधारण सव्वापाच मिलीमीटर, बॉलपेनच्या रिफीलपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. हे माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या अवजारं बनवणाऱ्याचं आहे म्हणून त्याला फ्रेंच म्हणतात, आणि नळीला फोलीज म्हणतात ते फ्रेडरिक फोली या अमेरिकेतल्या डॉक्टरवरून, 1930च्या दशकातला माणूस. आत गेल्यावर नळी निसटू नये म्हणून टोकाला एक छोटा फुगा असतो, त्यात सिरिंजने 10 मिली निर्जंतुक पाणी भरायचं. सलाइन नाही भरायचं, मिठाचे खडे होऊन फुगा रिकामा होताना अडू शकतो. "आणि रबराची ॲलर्जी असली तर सिलिकॉनची घालतात, तुला भांडी घासताना हातमोज्यांनी पुरळ यायची ना, ते सांग." हे मला आठवलंच नसतं. फाइलवर ते वाक्य वाढलं तिच्यामुळे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पाळी आली. चार दिवस आधी. मी नवऱ्याला म्हटलं आता कॅन्सल, तो म्हणाला विचारून तरी घे. सिस्टरने मान पण वर केली नाही, "असू दे की, पॅड लावा, आत गेल्यावर बघतो" म्हणाली आणि बांगड्या काढल्या का विचारलं. घरात चार दिवस देवघराकडे न फिरकणारी मी, आणि इथे त्याची दखल सुद्धा कुणाला घ्यावीशी वाटली नाही. बरं वाटलं.

भुलीतून बाहेर येताना पहिलं जे जाणवलं ते पोटातलं दुखणं नव्हतं. जोराची लघवी लागली होती. एवढी जोराची की मी उठायलाच निघाले, आणि माझ्या मते मी ओरडून सांगत होते की मला बाथरूमला जायचंय, पण आवाज बहुतेक पुटपुटल्यासारखाच निघत असणार. कुणीतरी कानाशी म्हणालं, "नळी आहे ताई, सोडून द्या, आपोआप जाते." सोडून द्या म्हणजे काय! चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे धरून ठेवायला शिकलो ते झोपल्या जागी सोडून कसं द्यायचं. नंतर वाचलं की हे पुष्कळांना होतं, ब्लॅडर रिकामं असतं पण तो पाण्याचा फुगा तळाशी टेकलेला असतो आणि ब्लॅडरला वाटतं भरलंय, म्हणून ते आवळत राहतं. पुरुषांना हे जास्त होतं, काही जण भुलीच्या गुंगीत नळी ओढायला जातात, फुगा भरलेला असताना ओढली तर आतून रक्त येतं. कुणी मला आधी एवढंच सांगितलं असतं ना, की जाग येताना लघवी लागल्यासारखं वाटेल, ते खोटं असेल, पडून राहा, तर ती वीस-पंचवीस मिनिटं बरी गेली असती. जास्तच त्रास होत असेल तर त्याला औषध पण असतं, सहन करत बसायची गरज नाही, सांगायचं.

संध्याकाळपर्यंत सवय झाली. मग रात्री परत तसंच सुरू झालं, ओटीपोट टम्म, कळ यायला लागली. मी स्वतःला समजावलं की हे ते खोटंवालं आहे, पडून राहा. नाइटची सिस्टर आउटपुट लिहायला आली, वाकून युरोबॅगकडे बघितलं आणि थांबली. मागच्या वेळेपासून आकडा हललाच नव्हता. तिने चादर बाजूला केली, माझी मांडी दोन्ही हातांनी उचलली, आणि खाली नळी दबून चपटी झालेली होती, मांडीवर तिचा लाल वळ उठलेला. तिने नळी मांडीच्या वरून घेतली, चिकटपट्टीने बसवली, आणि पिशवीत धार सुरू झालेली मला ऐकू आली. काय सुख होतं ते! जाड मांड्यांच्या पेशंटची नळी मांडीखालून नेऊ नये, वरूनच न्यावी, दिवसाच्या शिफ्टमध्ये कुणीतरी खालून नेली होती. तेव्हा पेशंटबरोबर राहणाऱ्या माणसाला माझं सांगणं आहे, पिशवीतला आकडा वाढतोय का यावर लक्ष ठेवा. नळी दुमडलेली नको, पिशवी कायम कमरेच्या खाली पाहिजे पण फरशीवर टेकलेली नको, आणि पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवून ट्रॉली ढकलायची नाही, आतली लघवी उलटी फिरते. वॉर्डबॉय मामा लोक घाईत तसंच करतात, बोलायचं त्यांना, रागावत नाहीत.

त्याच रात्री नवऱ्याची पण एक फजिती झाली. पहाटे तो उठला आणि पिशवी बघून त्याचा चेहराच उतरला, लघवी हिरवट दिसत होती. शेवाळ्यासारखी नाही, पण हिरवी म्हणावी इतकी हिरवी. त्याने मला उठवलं नाही, चप्पल न घालता सिस्टर बसतात त्या नर्सिंग स्टेशनवर गेला. झालं होतं असं की जठर शिवून झाल्यावर शिवण गळते का बघायला आत निळा रंग सोडतात, मिथिलीन ब्लू, त्यातला काही अंगात शोषला जातो आणि लघवीतून बाहेर पडतो, पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा. सगळीकडे ही तपासणी करत नाहीत, आणि करतात तिथेही सगळ्यांना असा रंग दिसतो असं नाही. आम्हाला दिसला. सिस्टर हसून म्हणाल्या दुपारपर्यंत जाईल, आणि गेला. नवरा मात्र नंतर महिनाभर हे सगळ्यांना सांगत होता, मी डोळ्यांनी खुणावलं तरी थांबायचा नाही.

पहिल्यांदा चालवलं ते नळीसकटच. वजनाच्या ऑपरेशनमध्ये रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, पायात ते घट्ट मोजे आणि हवेने दाबणारं मशीन असतं, आणि शक्य तितक्या लवकर उठवून चालवतात. सलाइनचा स्टँड एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, मागून उघडा गाऊन, अशी कॉरिडॉरमध्ये निघाले. समोरून एक काका तसेच येत होते, बारामतीकडचे, त्यांचंही दोन तास आधी झालेलं. दोघांनी एकमेकांच्या पिशवीकडे बघितलं आणि दोघांनी नजर फिरवली. दुसऱ्या फेरीला त्यांनीच विचारलं, "तुमची कधी काढणार?" तिसऱ्या फेरीपर्यंत आमची ओळख झालेली होती. नळीमुळे माणूस पलंगाला बांधला जातो, उठायचा कंटाळा करतो, आणि नळी लवकर काढायचं हेही एक कारण, बाथरूमला जायला का होईना माणूस उठतो.

काढण्याची भीती घालण्यापेक्षा जास्त वाटत होती, कारण आता मी जागी होते. सकाळी सिस्टर आल्या, पडदा ओढला, गुडघे वर घ्यायला लावले, बाजूच्या तोंडाला सिरिंज लावून फुग्यातलं पाणी काढून घेतलं, दहाच्या दहा मिली आलं का ते बघितलं. "मोठा श्वास घ्या. सोडा." सोडतानाच नळी बाहेर. एक ओढल्यासारखं, जरासं चुरचुरलं, बस्स. मी अजून गुडघे वर करून वाटच बघत होते आणि त्या हातमोजे काढत होत्या.

मग पुढचा टप्पा, ज्याच्याबद्दल तर अजिबातच कुणी बोलत नाही. नळी निघाली की सहा तासांच्या आत स्वतःहून लघवी व्हायला पाहिजे. भुलीची औषधं, दुखण्याची अफूजन्य इंजेक्शनं, भूल उतरवायला देतात त्यातलं एक औषध, ही सगळी ब्लॅडरला सुस्त करतात, शुगर जुनी असेल किंवा प्रोस्टेट वाढलेलं असेल तर अजूनच. मला पहिल्यांदा झाली तेव्हा उन्हाळी लागल्यासारखी आग झाली, थोडीच झाली, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नीट. सिस्टरने भांडं देऊन ठेवलं होतं, त्यात करायची आणि मोजायची. बारामतीच्या काकांना मात्र झालीच नाही. नळ सोडून बघितला, उभं राहून बघितलं, बायकोला बाहेर पाठवून बघितलं. दुपारी पोटावर सोनोग्राफीचं छोटं यंत्र फिरवून बघितलं तर ब्लॅडर भरून आलेलं. माणसाला साधारण 400-500 मिली झाली की बसवत नाही, त्यांना त्याच्या वर होऊनही भुलीमुळे कळ येत नव्हती, आणि असं तुंबू दिलं तर ब्लॅडरचे स्नायू ताणून ढिले पडतात. परत नळी घातली, या वेळी जागेपणी, जेली लावून. ते एवढे खचले की संध्याकाळच्या चालण्याला आलेच नाहीत. मी त्यांच्या मंडळींना म्हटलं, हे काही बिघडलेलं नाही, होतं असं, प्रोस्टेटची गोळी चालू करून दोन दिवसांनी काढतात. तसंच झालं, पण त्या माणसाला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं की परत घालावी लागू शकते, त्यामुळे त्यांना ती आपली हार वाटली. माझ्या लांबच्या एका भाच्याचं मुंबईत तेच ऑपरेशन झालं, त्याला नळीच घातली नव्हती, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मावशी, कुठल्या जमान्यातलं बोलतेस!"

घरी आल्यावर लघवीकडे बघायची सवय लागली ती लागलीच. जठर एवढंसं झालेलं, पाणी तीस-तीस मिलीच्या टोपणाने घोट घोट प्यायचं, एकदम प्यायलं की उलटी. मे महिना, सांगलीचं ऊन. लघवी गडद चहाच्या रंगाची व्हायला लागली की समजायचं पाणी कमी पडतंय, टोपण हातात घेऊन बसायचं. ताप आला, थंडी वाजली, जळजळ दोन-तीन दिवसांत थांबली नाही, रक्त दिसलं, किंवा लागूनही होत नसेल तर घरचे उपाय करत न बसता फोन करायचा, असं डिस्चार्जच्या कागदावर होतं. आमच्या जाऊबाईंनी धण्याचं पाणी आणून ठेवलं होतं, ते मी प्यायले, पण टोपणानेच.

आता एक गोष्ट, जी नळीमुळेच बाहेर आली. ज्युनियर मॅडमने त्या दिवशी सही घेताना सहज विचारलं होतं, खोकल्यावर, हसल्यावर लघवी होते का थोडी? मी नाही म्हणणार होते. गेली सात-आठ वर्षं होत होती. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे मी, बायकांचं बाथरूम वजनकाट्याच्या पलीकडे, गाळप हंगामात मध्ये उसाच्या ट्रॅक्टरची रांग, चार वेळा जाऊन यायचं म्हणजे चार वेळा सगळ्या ड्रायव्हर लोकांच्या समोरून. त्यामुळे सकाळी पाणी प्यायचंच नाही, दिवसभर धरून ठेवायचं, आणि तरी शिंक आली की थोडी व्हायचीच. पॅड लावून बसायचे बाराही महिने. मुंबईत 2011च्या सुमारास बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ केली, रेल्वे स्टेशनवर, चौकात मुताऱ्या मागितल्या, तेव्हा आमच्या ऑफिसात पेपर वाचून पुरुष मंडळी हसली होती, आम्ही बायका हसलो नव्हतो.

मॅडमला हो म्हणून टाकलं. तिने फाइलवर लिहिलं आणि म्हणाली, हे पोटाच्या वजनामुळेच असतं पुष्कळदा, चरबीचा दाब सतत ब्लॅडरवर असतो, वजन उतरलं की बऱ्याच जणींचं कमी होतं. मला खोटं वाटलं, इतकं सोपं असतं तर कुणी आधी सांगितलं नसतं का? 2009 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, 338 जाड बायकांचा, ऑपरेशनचा नाही, नुसत्या डाएट-व्यायामाचा. ज्यांचं वजन सरासरी 8 टक्के उतरलं त्यांच्यात असं गळायचं प्रमाण 47 टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात 28 टक्क्यांनी. आठ टक्के म्हणजे माझ्या हिशोबाने नऊ किलो. एवढी वर्षं गुडघ्यांसाठी वजन कमी करा, शुगरसाठी कमी करा असं प्रत्येक डॉक्टरने सांगितलं, यासाठी कर असं एकानेही सांगितलं नाही, आणि खरं सांगते, शुगरपेक्षा या कारणासाठी मी लवकर हलले असते.

आता तीस किलोच्या वर उतरलंय. पॅड रोज लागत नाही. शिंक एकदम आली, त्यातून सर्दी असली, की अजून होतं थोडं, पूर्ण गेलेलं नाही, म्हणून फिजिओवालीने खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम दिलाय, दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, परत. घरी वेळ मिळत नाही, म्हणून मी सांगली-पलूस एसटीत बसल्या बसल्या करते, शेजारच्या बाईला पण कळत नाही. फक्त कंडक्टर अर्ध्या तिकिटाचे सुट्टे मागायला आला की मोजणी चुकते आणि परत एकपासून धरावं लागतं.